जुन्या फोमच्या विमानाला नवी मोटर बसवताना

पंख मिटला तेव्हा माझं रेडिओवर उडणारं फोमचं विमान दीडशे-दोनशे फुटांवर असेल. मी सूर मारला, खालून वर खेचलं, 'टक्' असा आवाज आला आणि दोन्ही पंख वर जाऊन एकमेकांना टेकले. धड दगडासारखं तुरीच्या रानात. शोधण्यात अर्धा तास गेला. ज्या काकांकडे मी हा नाद शिकलो, ते बांधावर बसून होते. तुकडे हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "मोटर बदललीस. मग पंखाचं काय केलंस?"

काहीच केलं नव्हतं. कारखान्यातून आलेल्या मंद विमानाला दीडपट पळवलं, आणि वेग दीडपट झाला की वर खेचताना पंखावर येणारा भार सव्वादोन पट होऊ शकतो, हे गणित मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. त्यानंतर तसंच दुसरं विमान घेतलं आणि सगळे बदल पुन्हा केले, या वेळी एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहून. खाली दिलंय ते त्या वहीतलं.

विमान कोणतं

माझं विमान पायपर जे-३ कबच्या धर्तीचं आहे. खरं जे-३ अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात बनलं, पिवळ्या रंगाचं, पंख डोक्यावर असलेलं, शिकाऊ वैमानिकांचं विमान. त्याच्या फोमच्या प्रतिकृती सेकंड हँड बऱ्याच मिळतात. कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावानं आणलेली, दोनदा उडवलेली, बॅटरी मेल्यावर माळ्यावर गेलेली. पंखांची लांबी १.२ मीटर, तीन चॅनेल (डावी-उजवीकडे वळवणारा रडर, नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर, मोटरची ताकद ठरवणारा थ्रॉटल), जुन्या पद्धतीची, कार्बनच्या ब्रशांची म्हणजे ब्रश्ड मोटर, गिअरबॉक्स आणि ७ सेलची ८.४ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी, असा तो संच असतो.

घेताना रंग बघू नका. पंखाचा मधला सांधा आणि शेपटीची मुळं वाकवून बघा. मोटर मेलेली असली तर उलट भाव पाडून मागा, ती आपण काढणारच आहोत.

घरी आणल्यावर पहिलं काम फोम ओळखण्याचं. फेव्हिक्विकचा एक थेंब आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात टाका. खड्डा पडून फोम विरघळला तर तो साध्या थर्माकोलच्या जातीचा. त्याला यापुढे इपॉक्सी, फेव्हिकॉल किंवा बेताच्या तापमानाची ग्लू गन. काही झालं नाही तर ईपीओ किंवा ईपीपी, म्हणजे जास्त लवचीक जातीचा फोम. त्याला फेव्हिक्विकही चालतं. ही परीक्षा न करता मी एकदा शेपूट चिकटवायला गेलो होतो. शेपूट चिकटली नाहीच, जागाच नाहीशी झाली.

आधी काटा, मग खरेदी

आहे तसं विमान, बॅटरीसकट: ७१२ ग्रॅम. मग काढलेलं सामान एकेक करून काट्यावर ठेवलं. ब्रश्ड मोटर, गिअरबॉक्स आणि प्रॉप (नाकावरचा फिरणारा पंखा) मिळून १३८ ग्रॅम. जुनी बॅटरी १५२. रिसीव्हर (हातातल्या ट्रान्समीटरचे इशारे पकडणारा भाग) आणि स्पीड कंट्रोल (मोटरचा वेग ठरवणारा भाग) एकत्र असलेली पाटी २१. म्हणजे ३११ ग्रॅम उतरले आणि ४०१ ग्रॅमचा सांगाडा उरला.

विजेवरच्या मॉडेल विमानांची सगळी कहाणी बॅटरीच्या वजनाचीच आहे. रेडिओवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक विमानाचं नोंदलेलं पहिलं उड्डाण इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ३० जून १९५७ ला केलं, 'रेडिओ क्वीन' नावाच्या मॉडेलनं, सिल्व्हर-झिंक बॅटरीवर. त्यानंतरही कित्येक दशकं बहुतेक लोक धुराच्या इंजिनांवरच राहिले. लिथियम पॉलिमर (लिपो) बॅटरी आणि ब्रश नसलेली म्हणजे ब्रशलेस मोटर स्वस्त झाल्यावरच हे गणित आपल्यासारख्यांच्या बाजूनं झुकलं.

आता लागणारी ताकद. ढोबळ हिशेब असा: शांतपणे उडायला किलोमागे साधारण १०० वॅट, थोडी मजा करायची तर १५०, कसरतींना २०० च्या पुढे. विमान ७०० ग्रॅमच्या आसपास ठेवायचं ठरवलं, म्हणून १५० च्या हिशेबानं १०५ वॅट. तीन सेलच्या लिपोचे ११ व्होल्ट धरले तर साडेनऊ अँपिअर. बस. एवढीच मोटर हवी.

त्यासाठी २२१२ आकाराची १००० केव्ही ब्रशलेस मोटर पुरते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ड्रोनचं सामान ठेवणाऱ्यांकडे ती मिळते. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना दर व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर मोकळी ११,१०० फेरे घेईल, प्रॉप लावल्यावर बरीच कमी. सोबत ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे स्पीड कंट्रोल. साडेनऊला तीस कशाला, असं दुकानदारही विचारतो. स्वस्त ईएससीवरचा आकडा वारा लागत असेल तरच खरा असतो, आणि आपला ईएससी फोमच्या पेटीत बंद बसणार आहे.

प्रॉपवर दोन आकडे असतात. ८×६ म्हणजे व्यास ८ इंच, आणि एका फेऱ्यात लोण्यात स्क्रू शिरावा तसा तो ६ इंच पुढे सरकेल, असा हिशेब. प्रॉप मोठा घेतला की जोर वाढतो, हे खरं. पण करंट त्याहून झपाट्यानं वाढतो. माझ्या वॅटमीटरवर ८×६ ला पूर्ण थ्रॉटलवर साडेनऊ अँपिअर दिसले. त्याच मोटरला १०×४.५ लावला तर चौदाच्या वर, आणि अर्ध्या मिनिटात मोटरला बोट लावता येईना. या जातीच्या मोटरच्या कागदावर १२ अँपिअर, तेही ६० सेकंद, असं लिहिलेलं असतं. वॅटमीटर उसना मिळत असेल तर उसना घ्या, पण मोजल्याशिवाय उडवू नका. इंटरनेटवरचे आकडे दुसऱ्याच्या मोटरचे असतात.

बॅटरी: ३ सेल, १३०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे तिची क्षमता), ११८ ग्रॅम. मोटर, तिचा माउंट आणि प्रॉप मिळून ७६, ईएससी २८, सहा चॅनेलचा रिसीव्हर १५. म्हणजे २३७ ग्रॅम चढले. एकूण ६३८. ताकद वाढली आणि वजन ७४ ग्रॅमनी घटलं. ही घट उडवून टाकायची नाही, पंख मजबूत करायला राखून ठेवायची. माझी पहिली चूक इथेच झाली होती. मी आनंदात मैदानावर गेलो.

नाकावरची लाकडी भिंत

गिअरबॉक्सची जागा साफ केल्यावर पुढे एक पोकळी उरते. तिथे ३ मिमी प्लायवूडचा तुकडा आडवा बसवायचा. इंग्रजीत त्याला फायरवॉल म्हणतात, आपण भिंत म्हणू. तो नुसता फोमच्या तोंडावर चिकटवू नका. फोमला आतून १० मिमी खोल खाच पाडून प्लाय तीन बाजूंनी रुतवा आणि इपॉक्सी लावा. पाच मिनिटांत सुकणाऱ्या इपॉक्सीपेक्षा तीस मिनिटांवालं फोममध्ये जास्त मुरतं. रात्रभर ठेवा. सकाळी माउंटला धरून अख्खं विमान उचलून हलवा. करकर असा आवाज आला तर ते काम झालेलं नाही.

मोटर अगदी नाकासमोर सरळ ठेवायची नसते. डोक्यावर पंख असलेलं विमान थ्रॉटल दिला की नाक वर करतं, म्हणून मोटरचा आस २ ते ३ अंश खाली झुकवायचा. प्रॉप मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि विमानाला डावीकडे ओढतो, म्हणून साधारण २ अंश उजवीकडे. उजवीकडे म्हणजे विमानात बसलेल्या माणसाच्या उजवीकडे. समोरून बघत काम करताना हमखास उलटं होतं. हे वॉशरनं जमतं: वरच्या दोन स्क्रूंमागे वॉशर घातले की मोटर खाली बघते, डावीकडच्या स्क्रूंमागे घातले की उजवीकडे. स्क्रूंमधलं अंतर २५ मिमी असेल तर १ मिमीच्या वॉशरनं सव्वादोन अंश मिळतात.

ईएससीला वारा हवा. नाकाखाली बोटभर भोक पाडा आणि पोटाच्या मागच्या बाजूला त्याच्या दुप्पट मोठं. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला मोकळी वाट लागते. नुसतं पुढचं भोक पाडून काही होत नाही.

जोडण्या

माझे आजोबा सोल्डरिंगला डाग देणं म्हणायचे, आणि हा शब्द इथे अगदी बरोबर बसतो: टोकावर चमकदार, पसरलेला डाग हवा, मळकट गोळी नको. बॅटरीच्या एक्सटी-६० कनेक्टरला ६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री तरी लागते. २५ वॅटची नाजूक इस्त्री घेऊन बसलात तर प्लास्टिक वितळेल आणि कथील तसंच राहील. डाग देताना कनेक्टरची जोडी एकमेकांत अडकवून ठेवा, म्हणजे पिना वाकड्या होत नाहीत. आणि बॅटरीच्या दोन वायरी कधीही एकाच वेळी सोलू नका. एक सोला, डाग द्या, वर आवरणाची नळी चढवा, मगच दुसरीला हात.

मोटरच्या तीन वायरी ईएससीला कशाही जोडा. उलटी फिरली तर कुठल्याही दोन अदलाबदल करा. ईएससीतून निघणारी तीन पिनांची वायर रिसीव्हरच्या थ्रॉटलच्या खोबणीत. तीच रिसीव्हर आणि सर्वोंना (रडर-एलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरांना) ५ व्होल्ट पुरवते, वेगळी बॅटरी लागत नाही.

ही सगळी कामं प्रॉप काढून. चाचणी प्रॉप काढून, ट्रान्समीटरचं सेटिंग प्रॉप काढून, "एक मिनिट फक्त बघतो" तेही प्रॉप काढूनच. आठ इंची प्रॉप बोटाचं हाड मोडतो. घरात लहान मूल असेल तर प्रॉप वेगळ्या डब्यात, बॅटरीपासून लांब.

पंख

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. ६ मिमी जाडीची कार्बनची पोकळ नळी आणा, ५०० मिमी लांब. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, खालच्या बाजूनं तिच्यासाठी चर पाडायचा.

अडचण अशी की पंख सरळ नाही. मधून दोन्हीकडे वर उचललेला आहे, माझ्या विमानात प्रत्येक बाजूला सुमारे ४ अंश. सरळ नळी वाकड्या पंखात कशी बसवायची? चर मधे खोल आणि टोकांकडे उथळ पाडून. मध्यापासून २५० मिमी दूर गेल्यावर पंख साधारण १७ मिमी उचललेला असतो. माझ्या पंखाची जाडी २५ मिमी होती, नळी ६, म्हणजे १९ मिमीची सोय. जेमतेम बसते. मधे नळी वरच्या पापुद्र्याजवळ, टोकांना खालच्या पापुद्र्याजवळ. लोखंडी पट्टी शेजारी धरून, कटरचं नवं पातं लावून, दर ५० मिमीवर खोली किती हवी ते पेन्सिलीनं आधी लिहून घेतलं तर तासाभराचं काम आहे. घाई केली तर दोन तासांचं आणि नव्या पंखाचं.

चरात इपॉक्सी ओता, नळी दाबा, वर फोमची पट्टी बसवा. मग खालून आणि वरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खोकी बांधायची धागेवाली फायबर टेप. साधी पारदर्शक पॅकिंग टेप नको. मार्च-एप्रिलच्या उन्हात तिचा डिंक सुटतो. नळी, इपॉक्सी आणि टेप: २२ ग्रॅम.

पंखांची टोकं दोन पाटांवर टेकवून मधे दोन किलोची तांदळाची पिशवी ठेवली. ७०० ग्रॅमच्या विमानाला हा जवळजवळ तिप्पट भार. पंख किंचित लवला आणि पुन्हा वर आला. पिशवी मधोमध ठेवल्यानं पंखाला ही परीक्षा हवेतल्यापेक्षा कडक जाते, म्हणून ती सावकाश, हात खाली धरून ठेवा.

एलेरॉन घालायचे का

तीन चॅनेलवर विमान रडरनं वळतं: शेपूट हलते, एक पंख पुढे जातो, त्या उचललेल्या कोनामुळे तो वर होतो आणि विमान कलतं. सावकाश, क्षमाशील. माझं मत विचाराल तर नवी मोटर आणि मजबूत पंख यांवर आधी दहा उड्डाणं अशीच करा. मग एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला वर-खाली हलणाऱ्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या.

पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात, मागच्या कडेपासून ३५ मिमी रुंद आणि २५० मिमी लांब पट्टी कापा. तिची पुढची कड खालून ४५ अंशात तासा, म्हणजे ती खाली वळताना अडणार नाही. वरच्या बाजूनं टेपचं बिजागर. टेप लावताना पट्टी पूर्ण खाली वळवून धरा, नाहीतर ताठरते. प्रत्येक पंखाखाली ९ ग्रॅमचा एक सर्वो, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे बसवलेले, आणि दोघांना मिळून वाय आकाराची केबल. असं बसवलं की एक वर जाईल तेव्हा दुसरा आपोआप खाली जातो.

एक बारकी गोष्ट बहुतेकांच्या हातून सुटते. खाली जाणारा एलेरॉन वर जाणाऱ्यापेक्षा हवेला जास्त अडवतो, त्यामुळे विमान उजवीकडे कलतं आणि नाक मात्र डावीकडे वळवतं. उपाय म्हणून वर जाणं जास्त ठेवायचं, खाली जाणं कमी. सर्वोचा दांडा पंखाखाली उभा न ठेवता पुढच्या कडेकडे २० अंश झुकवून बसवला की हे आपोआप साधतं. माझ्या विमानात वर १२ मिमी, खाली ८. सर्वो, वायरी, दांड्या मिळून ३२ ग्रॅम. प्लाय, इपॉक्सी आणि बाकी चिंध्या १४.

वहीतली बेरीज: ६३८, २२, ३२ आणि १४. एकूण ७०६ ग्रॅम. मूळ विमानापेक्षा सहा ग्रॅम हलकं.

नाक हलकं झालं, आता?

एकूण वजन जमलं म्हणून तोल जमला असं नाही. जुना गिअरबॉक्स १३८ ग्रॅमचा, नवी मोटर ७६ ची. नाकावरून ६२ ग्रॅम गेले. मोटर तोलाच्या बिंदूपासून १८० मिमी पुढे आहे. ६२ गुणिले १८० म्हणजे ११,१६०. हा तोटा ११८ ग्रॅमच्या बॅटरीनं भरून काढायचा तर भागाकार करा: तोलाच्या बिंदूपुढे सुमारे ९५ मिमी, शिवाय जुनी, जास्त जड बॅटरी बिंदूच्या जेवढी पुढे असे त्याचं देणं वेगळं. म्हणजे बॅटरी जवळजवळ भिंतीला टेकवावी लागणार. त्यासाठी भिंतीमागचा फोम आधीच कोरून ठेवा. इपॉक्सी सुकल्यावर तिथे हात जात नाही.

तोल कुठे? अशा सरळ पंखाच्या शिकाऊ विमानात पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. माझा पंख १९० मिमी रुंद, म्हणून ५२ मिमीवर खालून दोन्हीकडे पेन्सिलीच्या खुणा. बॅटरी आत, झाकण बंद, चाकं लावलेली, आणि खुणांखाली दोन बोटं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. नाकजड विमान आळसटासारखं उडतं. शेपूटजड विमान एकदाच उडतं. बॅटरी पुढे सरकवूनही जमत नसेल तर शिसं चिकटवण्याआधी २२०० एमएएचची, १८५ ग्रॅमच्या आसपासची बॅटरी लावून बघा. वजन वाढणारच असेल तर त्यातून उडण्याची मिनिटं तरी मिळू देत.

ट्रान्समीटर

२.४ गिगाहर्ट्झचा कुठलाही सहा चॅनेलचा चालेल. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात आणि कार्बनच्या नळीपासून लांब ठेवा. कार्बन रेडिओ लहरी अडवतो.

विमानाच्या मागे, शेपटीकडे उभं राहा. स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. स्टिक स्वतःकडे ओढली, तर एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे, तर पट्टी उजवीकडे. हे तोंडानं मोठ्यानं म्हणत तपासा. दुरुस्तीनंतर पहिल्याच उड्डाणात पडलेली जी विमानं मी पाहिली, त्यांत उलटा एलेरॉन हे कारण वारंवार निघालं. पहिल्या उड्डाणाला हालचाली ७० टक्क्यांवर आणा आणि थोडा एक्स्पो (स्टिक मधे असताना हालचाल मंद ठेवणारं सेटिंग) द्या. एक्स्पोचं चिन्ह प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून पडद्यावरची रेषा मधे चपटी होतेय ना ते बघा.

मग फेलसेफ: संपर्क तुटला तर मोटर बंद. प्रॉप काढून, थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून ट्रान्समीटर बंद करा. मोटर फिरतच राहिली तर ते विमान आज घराबाहेर न्यायचं नाही.

बॅटरीचं पथ्य

लिपोचा सेल भरलेला ४.२ व्होल्ट, ठेवणीतला ३.८, आणि उतरल्यावर ३.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. चार्जिंग तिच्या क्षमतेइतक्याच करंटनं: १३०० एमएएच म्हणजे १.३ अँपिअर, बॅलन्स चार्जरवर, तुम्ही त्याच खोलीत असताना. मी मातीच्या रिकाम्या कुंडीत, तळाला वाळू घालून चार्ज करतो. फुगलेली बॅटरी "अजून एकदा" म्हणून वापरू नका. १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब जोडून, उघड्यावर, पूर्ण रिकामी करा आणि ई-कचऱ्यात द्या. मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत बॅटरी ठेवणं ही आगीची तयारी आहे.

वेळेचा हिशेब: १३०० चे ८० टक्के १०४० एमएएच. माझा सरासरी करंट साडेपाच अँपिअर. म्हणजे अकरा मिनिटं. टायमर आठवर लावलाय. उरलेली तीन मिनिटं गाय मैदानात आली तर.

जागा आणि हवा

भारतात ड्रोन नियम २०२१ आपल्यालाही लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. ७०६ ग्रॅमचं विमान मायक्रोत येतं. सरकारी नकाशात आपलं मैदान हिरव्या पट्ट्यात, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात, आहे का ते बघा. तिथे मर्यादा जमिनीपासून जास्तीत जास्त ४०० फूट, विमानतळाजवळच्या भागात त्याहून कमी. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला एनडीए असल्यानं शहराजवळची बरीच मैदानं बादच होतात. नोंदणीचे चालू नियम वाचूनच पुढे जा. माणसांच्या, रस्त्याच्या, विजेच्या तारांच्या वर उडवणं कुठल्याही पट्ट्यात चूकच.

उत्तम दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहा ते साडेआठ. गवताचं पातं हलत असेल पण फांदी नाही, एवढा वारा. संक्रांतीच्या आसपास मैदानात मांजा पडलेला असतो. तो मोटरच्या आसावर गुंडाळला तर सुटत नाही, आणि हवेत लागला तर पंख कापतो. उतरण्यासाठी नांगरलेल्या रानातली ढेकळं परवडली, ज्वारी-बाजरीची धसकटं नाहीत. ती फोम सालपटासारखा सोलतात. काँग्रेस गवताला लोक शिव्या देतात, पण त्याच्या ताटव्यात पडलेलं विमान शाबूत निघतं. घारी जवळ येऊन बघतील, कधी झेपावतील. त्यांच्याशी मस्ती न करता खाली उतरवा. आकाश त्यांचं आहे आणि पंजे धारदार.

पहिलं उड्डाण

ट्रान्समीटर आधी चालू, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर उलट: आधी बॅटरी, मग ट्रान्समीटर. मोटर बंद ठेवून कुणाला तरी विमान धरायला सांगा आणि ट्रान्समीटरच्या रेंज चाचणीच्या मोडमध्ये तीस पावलं मागे जा. सर्वो थरथरले तर तिथेच थांबा.

वाऱ्याकडे तोंड. हातानं सोडणार असाल तर थ्रॉटल तीन चतुर्थांश, पंख समतल, नाक क्षितिजाकडे. आकाशाकडे फेकू नका. ढकला, फेकू नका. वर गेल्यावर थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि स्टिक सोडून बघा ते कुठे जातं. डावीकडे जात असेल तर ट्रिम (स्टिकशेजारचं बारीक फरक करायचं बटण) उजवीकडे, एकेक टिचकी. थ्रॉटल वाढवला की नाक वर उठत असेल तर मोटर अजून थोडी खाली झुकवायची आहे; ते वहीत लिहा, ट्रिमनं झाकू नका.

शंभर-दीडशे फुटांवर असतानाच थ्रॉटल बंद करून स्टिक हळूहळू ओढा. कुठल्या वेगाला पंख धरणं सोडतो आणि कुठला पंख आधी पडतो, ते इथे कळलं तर जमिनीजवळ कळावं लागत नाही. माझ्या विमानाचा डावा पंख आधी पडतो. टेपचा एक थर तिथे जास्त आहे, बहुधा.

विमान तुमच्याकडे येताना डावं-उजवं उलटतं आणि डोकं चालेनासं होतं. काकांची युक्ती: जो पंख खाली गेलाय, स्टिक त्याच बाजूला न्या, त्याला खालून टेकू दिल्यासारखी. महिनाभरात हे बोटांना समजतं, मग युक्ती आठवावी लागत नाही.

उतरताना शेवटचं वळण उंचावर, रुंद आणि थोडा थ्रॉटल ठेवून. जमिनीजवळ हळू विमान अरुंद वळवलं की आतला पंख पडतो. कमरेइतक्या उंचीवर थ्रॉटल बंद, आणि मग स्टिक इतकी हळू ओढायची की बघणाऱ्याला ओढली असं वाटू नये. लांब गेलं तर जाऊ द्या, चालत जाऊन आणता येतं.

त्या सकाळी माझं विमान मैदानाच्या टोकाला, गवतात, पोटावर बसलं. बॅटरी काढून व्होल्टमीटर लावला: प्रत्येक सेल ३.७८. मोटर कोमट. पंखाचा मधला सांधा अंगठ्यानं दाबून बघितला. काका बांधावरून उठून आले, विमान उलटं करून चाकं फिरवून बघितली आणि म्हणाले, "गवतात तर उतरवतोस. ही कशाला वागवतोस?" घरी येऊन चाकं आणि तारेचा पाय काट्यावर ठेवला. ४१ ग्रॅम.